लाल बिन

पुण्यात मनगटावर अनोळखी घड्याळ दिसलं की समोरचा माणूस डायलवरचं नाव वाचतो, ते आपल्या यादीत बसतं का बघतो, आणि बसलं नाही तर "चायनीज असणार" असा निकाल देऊन मोकळा होतो. यादी ठरलेली. टायटन, सिटिझन, सीको, कॅसिओ, फार तर टिसो, आणि आजोबांच्या कपाटातलं एचएमटी. बाकी सगळं एका पोत्यात. या निकालाचा मला राग येत नाही, कारण बऱ्याचदा तो खराही निघतो. माझा जीव अडकतो तो ज्यांच्या बाबतीत तो खरा निघत नाही त्या घड्याळांत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर घड्याळांच्या छोट्या कंपन्या निघाल्या आहेत. एक-दोन माणसं, एक लॅपटॉप, एका खेपेला काहीशे नग. पॅरिसची बाल्टिक, न्यूयॉर्कची लोरियर, व्हँकुव्हरची हॅलिऑस. आपल्याकडे जुनी नाणी डायलवर बसवणारी जयपूर वॉच कंपनी २०१३ पासून आहे, बँगलोर वॉच कंपनी २०१८ पासून, शिवाय दिल्ली वॉच कंपनी आहे, आणखीही आहेत. यांतली सगळीच घड्याळं माझ्यासारखीला परवडणारी नाहीत. मी बोलतेय ते पंधरा ते चाळीस हजारांच्या टप्प्याबद्दल. हौसेनं घ्यावं, पण घेण्याआधी दोन रात्री झोप नीट लागू नये, अशी रक्कम.

माझी नोकरी चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. त्यातही इनकमिंग इन्स्पेक्शन. व्हेंडरकडून आलेला माल तपासायचा आणि आत घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज आणि व्हेंडरशी वाद. त्यामुळे कुणी कौतुकानं घड्याळ हातात दिलं की माझी बोटं आधी त्याच्या कडांवरून फिरतात. बर, म्हणजे कापताना राहिलेला धारदार कंगोरा, आहे का बघायला. लोकांना हे चमत्कारिक वाटतं, नवऱ्यालाही वाटतं.

अशा कुठल्याही घड्याळाची जाहिरात उघडा, पाच गोष्टी ठळक अक्षरांत असणारच. सफायर काच, ३१६एल स्टील, शंभर मीटर वॉटर रेझिस्टन्स, जपानी ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीनं चावी भरणारं) मशीन आणि अंधारात चमकणारा सुपर-ल्युमिनोव्हा. वाचणारा खूश. पण यातलं काहीच त्या कंपनीनं स्वतः बनवलेलं नसतं. ३१६एल म्हणजे सहसा गंज न धरणारं स्टील, भोसरीत त्याच्या सळया मागाल तेवढ्या मिळतात. सफायरची कठीणता मोहस् मापावर ९, हिऱ्याच्या खालोखाल. किल्ल्या-नाण्यांनी तिच्यावर ओरखडा उठत नाही हे खरं, पण सपाट सफायर काच आता काही दुर्मीळ राहिलेली नाही. (मात्र 'सफायर कोटेड' असं लिहिलेलं दिसलं की सावध व्हावं. ती साधी मिनरल काच असते, वर पातळ थर.) आणि मशीन बहुतेक वेळा सीकोचं एनएच३५, नाहीतर सिटिझनच्या मियोटाचं.

एनएच३५ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही सगळी दुनिया त्याच्यावर उभी आहे. २४ ज्वेल (झीज कमी करणारे बारीक खडे), तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावी भरली की ४१ तास चालतं. चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदाबरहुकूम लावता येते. सीको स्वतःच्या घड्याळांत वापरतं ते ४आर३५ आणि हे मुळात एकच, फक्त हे बाकीच्या कंपन्यांना विकण्यासाठी. बारा हजारांच्या घड्याळातही हेच आणि पस्तीस हजारांच्याही. मग वरचे तेवीस हजार कशाचे?

इथे आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले होते, "म्हणजे यांनी नुसतं जोडलंय की गं!" काका तीस वर्षं दुचाकीच्या कारखान्यात होते. त्यांना विचारलं, तुमच्याकडे बेअरिंग, टायर, केबल, हेडलाइट यांतलं आत काय बनायचं? काका चहा प्यायला लागले. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा सगळा पट्टा जोडण्यावरच जगतो, आणि पुणेकरानं 'नुसतं जोडलंय' म्हणून नाक मुरडावं! घड्याळांच्या धंद्यातही हे आजचं नाही. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं. एका घरात काटे व्हायचे, दुसऱ्यात डायल, तिसऱ्यात केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, आणि डायलवर ज्याचं नाव तो हे सगळं गोळा करून जुळवायचा. ईटीए कंपनीचं २८२४ हे मशीन किती नावाजलेल्या स्विस घड्याळांत बसलंय याची गणती नाही. आणि ज्या एचएमटीचं नाव काढलं की काकांचा ऊर भरून येतो, तिचा बंगळूरचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली सिटिझनच्याच सहकार्यानं उभा राहिला. मियोटाही सिटिझनचंच. म्हणजे काकांचं एचएमटी 'जनता' आणि मियोटा बसवलेलं आजचं एखादं नवखं घड्याळ, दोघांचं आजोळ एकच.

तेव्हा जोडण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो जोडण्याआधी काय बाजूला काढलं याचा.

आमच्या शॉपवर लाल रंगाचं एक बिन असतं. नापास माल त्यात टाकायचा. वर कुलूप आणि किल्ली क्वालिटीकडे, म्हणजे महिनाअखेरीच्या घाईत प्रॉडक्शनवाल्यांनी त्यातला नग उचलून लाइनवर लावू नये. नवखा ऑडिटर आला की भिंतीवरचे चार्ट वाचत फिरतो. मुरलेला सरळ लाल बिनपाशी जातो. बिन रिकामं दिसलं तर तो शाबासकी देत नाही, संशय घेतो. माल खरोखर एवढा चांगला येतोय की कुणी बघतच नाही? दुसरी गोष्ट म्हणजे 'डेव्हिएशन'. माप बाहेर गेलंय, पण लाइन थांबेल, म्हणून वरच्या साहेबांची सही घेऊन 'या वेळेपुरता' माल आत घ्यायचा. ही 'या वेळेपुरती' फाइल किती जाडजूड होते ते क्वालिटीवाल्यांनाच ठाऊक.

छोट्या घड्याळ कंपनीनं विकत काय घेतलं ते सगळ्यांना दिसतं. परत काय पाठवलं ते फक्त तिला माहीत असतं, आणि मला शोधायचं असतं ते हेच. शेनझेनच्या कारखान्याला तीनशे घड्याळांची ऑर्डर म्हणजे चिल्लर. डायलचा निळा रंग नमुन्यापेक्षा जरा फिका आला, आणि ड्रॉइंगवर छटेची मर्यादा लिहिलेली नसली, तर कारखाना म्हणणार, एवढं चालतं. हे वाक्य मला चिनीत येत नाही, पण भोसरीच्या मराठीत आणि चाकणच्या हिंदीत रोज ऐकते. आता त्या एकट्या माणसानं काय करायचं? लोकांचे पैसे आगाऊ घेतलेत, तारखेचा शब्द दिलाय. लॉट परत केला तर महिने जाणार, कारखाना तोंड वाकडं करणार, ग्राहक शिव्या घालणार. ठेवून घेतला तर बहुतेकांना फरक कळणारही नाही. डेव्हिएशन मागणारा तोच आणि सही करणाराही तोच. अशा वेळी तो काय करतो त्याचे ते वरचे तेवीस हजार, निदान त्यातले बरेचसे.

म्हणून घड्याळाला उशीर झाला की मी लगेच वैतागत नाही, उशिराचं कारण वाचते. 'अपरिहार्य कारणांमुळे' लिहिलं असेल तर काही खरं नाही. 'तारखेच्या चौकटीची कड खडबडीत आली, हा फोटो, डायल परत केल्यात' असं लिहिलं असेल, तर मी त्या माणसाचं नाव लिहून ठेवते. जाहिरातीतली चित्रं मात्र मी बघतच नाही. ती पुष्कळदा संगणकावर काढलेली असतात, घड्याळ जन्माला येण्याआधीची. त्यांत धूळ नसते, आणि बफिंगवालाही नसतो.

बाकीचा शोध भिंगानं. ही सवय मला जुन्या बाजारानं लावली. बुधवारी-रविवारी तिथे जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर एचएमटीचे ढीग असायचे. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केला आणि त्या ढिगांना एकदम भाव आला. केशरी, पोपटी, जांभळी डायल, कारखान्यातून कधी न निघालेल्या रंगांची. शौकीन लोक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुनी डायल घासून पुन्हा रंगवलेली, अक्षरं जाडी, मिनिटांच्या रेघा एकमेकींपासून कमीजास्त अंतरावर. खरी डायल आणि रंगवलेली डायल शेजारी ठेवून बघत बसलं की डोळा आपोआप तयार होतो. एवढ्या स्वस्तात अशी शाळा दुसरीकडे नाही.

नवं घड्याळ मी सकाळी खिडकीतल्या तिरक्या उजेडात बघते. दुकानाच्या झगझगाटात सगळीच देखणी दिसतात, म्हणून तर ते दिवे. आधी बारा आणि सहाच्या खुणा. या धातूच्या खुणा डायलवर छापलेल्या नसतात, वर बसवलेल्या असतात, आणि बसवताना केसभर कलल्या तर शेजारच्या मिनिटाच्या रेघेशी त्यांचा मेळ बिघडतो. माझ्याकडे दोन घड्याळं आहेत, दोन्हींत एनएच३५. एकात सहाच्या खुणेखालून मिनिटाची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी डोकावते. दुसऱ्यात ती फक्त उजवीकडून दिसते. फरक अर्ध्या केसाचा असेल, पण एकदा दिसला की मग वेळ बघताना आधी तोच दिसतो. मग काटे. ते पातळ पत्र्यातून दाबून काढतात, त्यामुळे एका कडेला बर राहू शकते. चांगल्या काट्याची कड भिंगाखाली सरळ चमकते, वाईटाची कुरतडल्यासारखी दिसते. तारखेच्या चौकटीच्या कोपऱ्यात रंगाचे कण अडकलेत का, आकडा चौकटीत मधोमध आहे का, काट्यातला चमकणारा रंग कडेबाहेर सांडलाय का. या सगळ्यात घड्याळ बंद पडण्यासारखं काही नाही. पण जो माणूस हे चालवून घेतो, त्यानं न दिसणारं काय काय चालवून घेतलं असेल?

केसकडे मी जास्त वेळ रेंगाळते, कारण ते माझं क्षेत्र. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांची वरची बाजू ब्रश केलेली आणि कड चकचकीत असते. या दोहोंमधली रेघ बघायची. रेघ तलवारीसारखी निघाली असेल तर कुणीतरी केस जिगमध्ये नीट धरून हळू काम केलंय. गोलसर झाली असेल तर बफिंगच्या चाकावर जरा जास्त दाबलं गेलं आणि कड मेली. मेलेली कड परत आणता येत नाही, तो नग लाल बिनचाच. मग घड्याळ उलटं करून शिंगांच्या मधली जागा बघते, आणि क्लास्पची, म्हणजे पट्ट्याच्या कडीची, आतली बाजू. पट्टा, म्हणजे स्टीलचं ब्रेसलेट, ही या मंडळींची हमखास दुखरी जागा. सगळे पैसे डायल आणि केसवर खर्च झालेले असतात आणि शेवटी पत्र्याचा खुळखुळणारा क्लास्प लावून देतात. हातावरचे केस ओढले जातात ते वेगळंच.

मापांच्या बाबतीत मात्र छोट्यांना पूर्ण मार्क. माझं मनगट बारीक. लक्ष्मी रोडवर ३६ मिलिमीटरचं ऑटोमॅटिक मागितलं की, "मॅडम, लेडीजमध्ये दाखवू का?" आणि समोर खडे जडवलेली गुलाबी डायल. मोठं घड्याळ मागितलं तर "साहेबांसाठी का?" घड्याळ मनगटावर बसेल का हे घड्याळाच्या व्यासावर ठरत नाही, एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्या शिंगाच्या टोकापर्यंतच्या लांबीवर ठरतं. ४० मिलिमीटरचं घड्याळ ४६ लांबीचं असेल तर मला नीट बसतं, ३८ चं ४८ असलं तर दोन्हीकडून बाहेर येतं. हा आकडा छोट्या कंपन्या न विचारता देतात. दुकानात मला तो व्हर्नियर काढून घ्यावा लागतो, आणि व्हर्नियर काढला की सेल्समन मॅनेजरला बोलावतो.

आता वेळेचं. आमच्या शॉपवर सरफेस ग्राइंडिंगला एक पोरगा आहे. त्यानं हौसेनं असंच एक घड्याळ मागवलं, आणि काही दिवसांनी तोंड पाडून आला. "मॅडम, हे पळतंय. रोज चार-चार मिनिटं पुढं. फसवलं राव." कंपनीला त्यानं सणसणीत मेलही लिहिली होती. मी त्याला मोबाइलमधलं होकायंत्र उघडायला लावलं आणि घड्याळ जवळ नेलं. काटा गर्रकन फिरला. हा पठ्ठ्या दिवसभर मॅग्नेटिक चकवर, म्हणजे नग चुंबकानं धरून ठेवणाऱ्या पाटावर, काम करतो आणि जेवायला जाताना घड्याळ काढून त्याच बाकावर ठेवतो. चुंबकत्व शिरलं की हेअरस्प्रिंगचे, म्हणजे ठोके सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. छोटं डीमॅग्नेटायझर मिळतं, बटण दाबून घड्याळ त्यावर धरायचं आणि बटण न सोडता हळूहळू लांब न्यायचं. काम झालं. क्षमा मागणारी दुसरी मेल मी त्याला समोर बसवून लिहायला लावली. अशीच तक्रार मियोटाच्या ८००० मालिकेतल्या मशीनबद्दल ऐकू येते, सेकंदकाटा मध्येच अडखळतो म्हणून. मनगट हललं की तो काटा कधी कधी अडखळतो, कारण त्याला चाल थेट मिळत नाही, आडवळणानं मिळते. मियोटाचं ९०१५ घेतलं तर हा प्रश्न नाही, ते तासाला २८,८०० ठोक्यांचं आणि अंगानंही सडपातळ. पण त्याचा रोटर (आतलं फिरतं वजन) एकाच दिशेनं चावी भरतो, दुसऱ्या दिशेला मोकळा भिरभिरतो आणि ती घरघर हाताला जाणवते. दोष आणि स्वभाव यांतला फरक कळला नाही तर माणूस चांगलं घड्याळ परत पाठवतो आणि वाईट ठेवून घेतो.

पळणं-मागे पडणं मोजायला मी टाइमग्राफर घेतलाय. मायक्रोफोनवर घड्याळ ठेवायचं, तो टिकटिक ऐकून दिवसाचा हिशेब सांगतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. एनएच३५ साठी कारखान्यानं दिलेली मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. ऐकायला ढिसाळ वाटते, पण ४० सेकंद म्हणजे दहा हजारांत पाच भागांहूनही कमी चूक. आमच्या शॉपवर अशी टॉलरन्स मागितली तर व्हेंडर फोन उचलायचा बंद होईल. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते ती पंधरा दिवस, पाच पोझिशनला आणि तीन तापमानांत मशीन तपासून, आणि तिथे सरासरीची मर्यादा उणे ४ ते अधिक ६ सेकंद.

गंमत पोझिशनमध्ये आहे. डायल वर, डायल खाली, चावी खाली, चावी वर, असं सहा बाजूंनी घड्याळ ठेवून आकडे घ्यायचे. माझ्या त्या दोन एनएच३५ पैकी पहिल्याचे आले अधिक ५, ८, ६, ९, ४, ७. दुसऱ्याचे अधिक २२, अधिक १८, उणे १५, उणे ४, अधिक ९, उणे १२. सरासरी काढली तर पहिलं रोज साडेसहा सेकंद पुढे आणि दुसरं फक्त तीन. कागदावर दुसरं जास्त अचूक! पण क्वालिटीतल्या शिकाऊ पोरालाही विचारा, तो पहिलं उचलेल. सरासरी बाहेर गेली तर रेग्युलेटरची बारीक पट्टी जराशी सरकवून ती आत आणता येते, पाच मिनिटांचं काम. आकड्यांचा फैलाव त्या पट्टीनं आवरत नाही. तो बॅलन्स चाकाच्या तोलातून, हेअरस्प्रिंगच्या ठेवणीतून, तेलातून आलेला असतो. सकाळी बरोबर आणि रात्री टेबलावर ठेवलं की भलतीकडे, असं ते घड्याळ. 'आम्ही प्रत्येक घड्याळ रेग्युलेट करतो' असं लिहिणाऱ्याला म्हणूनच विचारावं, किती पोझिशनला? एकाच पोझिशनला शून्य दाखवून देणं काहीच अवघड नाही.

झाकण उघडायचं काम मी करत नाही. ते लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळातले घड्याळजी करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दुपारी एक ते चार बंद, आणि पाटीवर तसं जरा जास्तच स्पष्ट लिहिलेलं. डोळ्याला आय ग्लास लावून ते आत बघतात आणि मशीनबद्दल बोलतच नाहीत.

"मशीन जपानचं आहे हो, त्यात मी काय बघू? यांनी काय केलंय ते बघतो."

त्यांनी एकदा मला चिमट्यानं दाखवत नेलं. मशीन केसमध्ये घट्ट बसवणारी रिंग धातूची की प्लॅस्टिकची. स्क्रूच्या खाचा ताज्या की ओरबाडलेल्या, म्हणजे चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरणारा हात कुणाचा. झाकणाखालची रबरी गॅस्केट खाचेत नीट बसली आहे की एका जागी चिमटली आहे. आणि चावीची दांडी. ती लांब येते, प्रत्येक केसच्या मापानं कापावी लागते. कमी कापली तर चावी पूर्ण बंद होत नाही आणि पाऊस आत जातो, जास्त कापली तर वेळ लावताना दात पकडत नाहीत.

"हे बघा, इथं कापून कानस मारलीये. हा शहाणा माणूस," घड्याळजी म्हणाले. "आणि त्या दिवशीचं तुमचं, त्याची दांडी नुसती पक्कडनं तोडलेली."

"पण चालतंय ना काका?"

"चालायला काय, चालतंय. तुम्ही तुमच्या कंपनीत चालू देता का?"

पावसाचं पुण्यात वेगळं सांगायला नको, दुचाकीवर डाव्या मनगटावर बरोबर धार येते. शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर खोल बुडी नव्हे, प्रयोगशाळेत तेवढा स्थिर दाब सोसला एवढंच. आणि तो दाब प्रत्येक नगानं सोसला की लॉटमधल्या चार नमुन्यांनी, हा खरा प्रश्न. घड्याळजींकडे दाबाचं यंत्र नाही, पण पाणी आत गेलंय का हे पाहायची एक साधी चाचणी आहे, घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही ती दिलेली आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांवर तापवलेल्या तबकावर ठेवायचं, चांगलं गरम झालं की काचेवर गार पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटभरानं पुसायचा. काचेच्या आतून धुकं धरलं तर ओल शिरली आहे. मी विकत घेतलेल्या एका घड्याळात पहिल्याच पावसाळ्यात असं धुकं धरलं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, हात धुताना घड्याळ काढावं. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंच्या मुलाला हवं होतं म्हणून ते घड्याळ आता त्याला दिलंय, नवी गॅस्केट बसवून. मशीन उत्तम आहे त्याचं.

यातून मला सुट्या भागांची धास्ती बसली. एनएच३५ बिघडलं तर काही हजारांत अख्खं नवं मशीन मिळतं, घड्याळजी तासाभरात बदलून देतात. पण काच, चावी, त्या केसची गॅस्केट, तो विशिष्ट काटा हे त्या एकट्या माणसाकडेच असतं, आणि त्यानं दुकान गुंडाळलं की संपलं. त्यामुळे वेड्यावाकड्या आकाराची काच आणि केसला एकजीव झालेला पट्टा दिसला की मी लांब राहते. साधी गोल काच, २० मिलिमीटरचा सरळ पट्टा, ओळखीचं मशीन. दिसायला जरा कंटाळवाणं, पण वीस वर्षांनी बोळातला कुणीही माणूस ते दुरुस्त करेल. तोपर्यंत बोळात माणूस उरला तर.

ग्राइंडिंगच्या पोराला दिवाळी बोनसमध्ये दुसरं घड्याळ घ्यायचं होतं. दोन कंपन्यांवर त्याचं घोडं अडलं होतं. मी त्याला दोघांना एकच मेल लिहायला सांगितली. किती पोझिशनला रेग्युलेट करता? काच, चावी, गॅस्केट सुटे मिळतील का आणि केवढ्याला? आणि पहिल्या लॉटमध्ये तुम्ही काय नापास केलंत? एकाचं उत्तर तासाभरात आलं, लांबलचक, त्यात वारसा, ध्यास, अभिजातता असं बरंच काही होतं आणि तिन्ही प्रश्नांना बगल. दुसऱ्याचं चार दिवसांनी, चार ओळींचं. तीन पोझिशनला. गॅस्केट फुकट, काच-चावीचे एवढे पैसे. क्लास्प सगळे परत केलेत, लॉकला ढिलाई होती, त्यामुळे सध्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठवतोय, ब्रेसलेट मागाहून स्वखर्चानं पाठवू.

"मॅडम, म्हणजे अर्धंच घड्याळ घ्यायचं?"

"घे," म्हटलं.

त्यानं घेतलं. ब्रेसलेट अजून आलेलं नाही. परवा कँटीनमध्ये विचारलं तर म्हणाला, क्लास्पचा दुसरा लॉटपण परत गेलाय म्हणे.